गुण नेमका कुठे ठरला? आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस पाहायचं, टिपायचं आणि त्यावर बोलायचं कसं

सामना संपला की चाहत्यांचं बोलणं बहुतेक वेळा शेवटच्या फटक्यापाशी अडकतं. काय फोरहँड मारला, तो सोपा ब्लॉक (नुसती बॅट आड धरून परतवलेला चेंडू) बाहेर कसा गेला, वगैरे. पण वरच्या दर्जाच्या टेबल टेनिसमध्ये गुण संपतो एका चेंडूवर आणि ठरलेला असतो त्याच्या दोन-तीन चेंडू आधी. सर्व्हिस कुठे पडली, ती कशी परतवली, तिसरा चेंडू (म्हणजे त्या परतीवरचा सर्व्हिस करणाऱ्याचा फटका) मोकळा मिळाला का, एवढ्यात बराचसा निकाल लागलेला असतो. तिथे नजर ठेवायची सवय लागली की सामना पाहण्याची मजा वाढते आणि चर्चेत नुसत्या आवडी-निवडीऐवजी बोलण्यासारखं काहीतरी हाती येतं. ती सवय लावण्याची ही पद्धत.

आधी स्पर्धा कोणती ते पाहा

सगळ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा एका मापाच्या नसतात. डब्ल्यूटीटीची (वर्ल्ड टेबल टेनिस) मालिका 2021 मध्ये सुरू झाली. तिच्या पायऱ्या वरून खाली अशा: ग्रँड स्मॅश, चॅम्पियन्स, स्टार कंटेंडर, कंटेंडर आणि फीडर. वर्षअखेरीची फायनल्स वेगळी. एकेरीच्या विजेत्याला स्मॅशमध्ये 2000 गुण मिळतात, चॅम्पियन्समध्ये 1000, स्टार कंटेंडरमध्ये 600 आणि कंटेंडरमध्ये 400. ऑलिम्पिक आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2000 गुणांच्या, विश्वचषक 1500 चा. जागतिक अजिंक्यपद विषम वर्षी वैयक्तिक असतं (2021 ह्यूस्टन, 2023 डर्बन, 2025 दोहा) आणि सम वर्षी सांघिक (2022 चेंगडू, 2024 बुसान). हे माहीत नसलं की कंटेंडर जिंकलेला खेळाडू 'जगज्जेत्याला हरवणार' अशी हवा तयार होते. त्या कंटेंडरमध्ये पहिल्या दहातले किती जण उतरले होते, हे कोणी पाहिलेलंच नसतं.

ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) हाती आला की विजेता कोण याच्या गप्पा सुरू करण्याआधी पाच मिनिटं त्यावर घालवा. अव्वल मानांकित आणि दुसरा मानांकित विरुद्ध अर्ध्या भागांत असतात. तिसरा-चौथा उरलेल्या दोन चतुर्थांशांत चिठ्ठीनं जातात, पाच ते आठ त्यापुढच्या जागांवर. म्हणजे पाचव्या मानांकिताची उपांत्यपूर्व फेरीत गाठ पहिल्याशी पडणार की चौथ्याशी, हे निव्वळ नशीब असतं. स्मॅशच्या 64 जणांच्या एकेरीत पात्रता फेरीतून आलेले खेळाडू असतात, आणि तिथे तीन-चार सामने खेळून त्यांचा हात बसलेला असतो. पहिल्या फेरीतले धक्के बरेचदा अशाच खेळाडूंकडून बसतात. एका देशाच्या खेळाडूंना ड्रॉमध्ये किती लांब ठेवायचं, हे स्पर्धेगणिक बदलतं, ते त्या स्पर्धेच्या नियमांत पाहावं. ऑलिम्पिक एकेरीत मात्र एका देशाचे जास्तीत जास्त दोघेच खेळतात. त्यामुळे चीनचा तिसरा खेळाडू जगात तिसरा असला तरी घरी बसतो. ऑलिम्पिक पदकांवरून एखाद्या देशाकडे किती तगडे खेळाडू आहेत ते मोजताना हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा: सामना पाच गेमचा की सात गेमचा. डब्ल्यूटीटीच्या मोठ्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्या पाचच्या आणि शेवटच्या सातच्या असतात. पाच गेममध्ये दोन गेम हातचे गेले की चूक सुधारायला जागाच उरत नाही. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस उमगायला वेळ लागणारे खेळाडू लवकर बाद होतात, त्याचं मोठं कारण हेच.

क्रमवारीचा हिशेब

क्रमवारी दर आठवड्याला निघते. मागच्या वर्षभरातल्या सर्वोत्तम आठ निकालांची बेरीज म्हणजे खेळाडूचे गुण, आणि प्रत्येक निकाल वर्षभरानं गळतो. समजा, एखाद्यानं मागच्या वर्षी स्मॅश जिंकली: 2000 गुण. यंदा तो उपांत्यपूर्व फेरीत हरला: 350. त्याचे थेट 1650 गुण जातात. त्याच्या नवव्या क्रमांकाच्या निकालाला 350 पेक्षा जास्त गुण असतील तर तो निकाल आठांत शिरतो आणि तूट तेवढी कमी होते. 'एवढ्या चांगल्या खेळानंतरही खाली कसा गेला?' या प्रश्नाचं उत्तर दहापैकी नऊ वेळा या वजाबाकीत असतं. जाणकार चाहते म्हणूनच स्पर्धेआधी 'कोणाचे किती गुण गळणार' ही यादी काढतात.

क्रमवारी म्हणजे ताकद नव्हे, हेही ध्यानात असू द्यावं. डिसेंबर 2024 मध्ये चीनच्या फॅन झेंडाँग आणि चेन मेंग या 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या दोन्ही एकेरी विजेत्यांनी, स्पर्धा चुकवल्याबद्दलच्या दंडाच्या नियमावरून, क्रमवारीतून आपली नावं काढून घेतली. त्यांचा खेळ त्या दिवशी कमी झाला नव्हता. उलट उदाहरण 2021 च्या ह्यूस्टनचं. स्वीडनचा त्रुल्स मोरेगार्ड तेव्हा 77 व्या क्रमांकावर होता आणि अंतिम सामन्यात फॅन झेंडाँगसमोर उभा राहिला. पॅरिसलाही तोच अंतिम फेरीत आला.

खेळाडूची नोंद: हात, पकड, रबर

प्रत्येक खेळाडूसाठी तीन गोष्टी एका ओळीत लिहा. उजवा की डावखुरा, बॅट कशी धरतो, दोन्ही बाजूंना कोणतं रबर.

रबराची बाजू पडद्यावर ओळखायला नियमच मदत करतो. बॅटची एक बाजू काळी असावीच लागते. दुसरी पूर्वी लाल असायची. ऑक्टोबर 2021 पासून गुलाबी, जांभळी, हिरवी किंवा निळीही चालते. पहिल्या गेममध्येच 'काळी फोरहँडला' किंवा 'लाल बॅकहँडला' असं टिपलं की पुढे काम सोपं होतं. काही खेळाडू रॅली चालू असताना बॅट हातात फिरवून रबर बदलतात, आणि ते फक्त रंगावरूनच कळतं.

बहुतेकांची दोन्ही रबरं सपाट असतात, फिरकी पकडणारी. जपानच्या मिमा इतोच्या बॅकहँडला छोट्या पिंपल्सचं (वर बारीक उंचवटे असलेलं) रबर आहे: चेंडू सपाट, वेगानं येतो आणि अपेक्षेपेक्षा खाली बसतो. भारताच्या मनिका बत्राच्या बॅकहँडला लांब पिंपल्स आहेत. त्यावर आलेला टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) बॅकस्पिन (मागच्या दिशेची फिरकी) होऊन परत जातो. समोरच्यानं जोरात लूप (भरपूर टॉपस्पिनचा फटका) मारला आणि पुढचाच चेंडू त्यानं नेटमध्ये घातला, तर ती 'सोपी चूक' नसते. स्वतःच दिलेली फिरकी उलटी होऊन परत आलेली असते. फिरकी मारून टाकणारं अँटी-स्पिन रबरही असतं. 2024 च्या बुसान सांघिक स्पर्धेत भारताच्या ऐहिका मुखर्जीनं बॅकहँडच्या तशाच रबरावर खेळून चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, तेव्हा सुन जगात अव्वल होती. अशा सामन्यात पहिला प्रश्न विचारायचा तो हा: समोरची खेळाडू त्या रबराकडे हळू, बिनफिरकीचा चेंडू टाकायला शिकली का? लांब पिंपल्स किंवा अँटीवाल्यांना फिरकी मिळाली नाही की त्यांच्या परतीत धार राहत नाही.

पकडीचं म्हणाल तर शेकहँड (हस्तांदोलनासारखी) हीच आज रूढ. पेनहोल्ड (पेनासारखी) धरणारे मोजके, पण त्यांच्याकडे पाहायलाच हवं. फ्रान्सचा फेलिक्स लेब्रुन पेनहोल्ड धरतो आणि बॅटच्या मागच्या बाजूनं बॅकहँड मारतो. त्याचं मनगट टेबलावर फार मोकळं फिरतं, त्यामुळे छोट्या चेंडूवरचा त्याचा फ्लिक (मनगटाच्या झटक्यानं मारलेला फटका) झटकन निघतो. लक्झेंबर्गची नी शियालियान डावखुरी, पेनहोल्ड आणि शिवाय लांब पिंपल्स. 61 व्या वर्षी ती पॅरिसच्या टेबलावर होती. जर्मनीची हान यिंग टेबलापासून मागे राहून चॉप करते, म्हणजे चेंडू खालून कापून बॅकस्पिननं परतवते. चॉपरचा सामना पाहताना घड्याळाकडे लक्ष ठेवा. गेम दहा मिनिटांत संपला नाही आणि दोघांचे मिळून 18 गुण झाले नाहीत, तर एक्स्पिडाइट नियम लागतो. त्यानंतर सर्व्हिस प्रत्येक गुणाला बदलते आणि रिसीव्ह करणाऱ्यानं 13 चेंडू परतवले की गुण त्याचा.

नावांबद्दल एक सूचना. चिनी नावात आडनाव आधी येतं, आणि 'वांग' म्हणून कोणाबद्दल बोलताय ते कोणालाच कळत नाही. वांग चुचिन, वांग मानयू आणि वांग यिदी हे तिघंही आजचेच खेळाडू. पूर्ण नाव लिहा.

सर्व्हिस वाचणं

हा भाग जमला तर बाकी सगळं आपोआप जमतं. सावकाश शिका. पुनर्प्रक्षेपण पाव वेगानं लावा आणि पहिल्या दिवशी एकाच खेळाडूच्या वीस सर्व्हिस पाहा, बाकी सामना सोडून द्या.

पहिली खूण पहिल्या टप्प्याची. सर्व्हिस करणाऱ्याच्या बाजूला चेंडू मागच्या कडेजवळ पडला तर सर्व्हिस लांब जाणार. नेटच्या बाजूला पडला तर छोटी. दुसरी खूण समोरच्या बाजूची. छोटी सर्व्हिस सोडून दिली तर समोरच्या अर्ध्यात दोनदा पडेल. जिचा दुसरा टप्पा मागच्या कडेवर किंवा तिच्या जरासा पुढे-मागे येतो ती हाफ-लाँग, आणि वरच्या पातळीवर खरा त्रास तीच देते. टच करायला (हलकेच नेटजवळ टाकायला) जावं तर लांब, लूप मारायला जावं तर टेबल हाताला आडवं येतं. रिसीव्ह करणाऱ्याची बॅट क्षणभर थबकलेली दिसली की समजा चेंडू हाफ-लाँग होता.

आता फिरकी. बॅट चेंडूच्या खालून, टोकाकडच्या भागानं घासली तर बॅकस्पिन जड. तीच हालचाल, तोच वेग, पण चेंडू मुठीजवळच्या भागाला लागला तर फिरकी जवळपास नाही. दोन्ही सर्व्हिस दिसायला सारख्याच, म्हणून त्या एकापाठोपाठ येतात. पाव वेगावर चेंडूवरचा छाप वाचता आला तर चेंडू मेलेला, म्हणजे बिनफिरकीचा, छाप विरघळल्यासारखा दिसला तर फिरकी आहे. एवढं बारीक दिसलं नाही तरी परतीवरून ताडता येतं. चेंडू नेटमध्ये गेला तर बॅकस्पिन कमी लेखला. उंच उडाला तर बिनफिरकीच्या चेंडूला बॅकस्पिन समजून खालून उचललं. बाजूला भरकटला तर साइडस्पिन (बाजूची फिरकी) ओळखायला चुकला.

साइडस्पिनची दिशा एकदाच डोक्यात बसवून घ्या. उजव्या हाताची साधी पेंड्युलम सर्व्हिस: बॅट उजवीकडून डावीकडे, स्वतःच्या अंगाकडे येते. चेंडू हवेत आणि टप्प्यानंतर समोरच्या उजव्या खेळाडूच्या बॅकहँडकडे वळतो. त्यानं बॅट सरळ धरली तर परत आलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्याच्या बॅकहँडकडे निसटतो. रिव्हर्स पेंड्युलममध्ये बॅट अंगापासून बाहेर जाते आणि दोन्ही दिशा उलटतात: वळण समोरच्याच्या फोरहँडकडे, परत सर्व्हिस करणाऱ्याच्या फोरहँडकडे. याच कारणानं काही खेळाडू बरोबरीच्या गुणावर रिव्हर्स काढतात. परतीचा चेंडू त्यांना फोरहँडवर हवा असतो. वांग चुचिनसारखा डावखुरा साधी पेंड्युलम टाकतो, तेव्हा चेंडू उजव्या खेळाडूच्या फोरहँडकडून टेबलाच्या बाहेर पळतो, आणि पाठोपाठ बॅकहँडचा कोपरा मोकळा सापडतो. डावखुऱ्याविरुद्धच्या सामन्याची वही म्हणून वेगळी ठेवावी लागते.

सर्व्हिस नियमात होती का, हा वाद कायमचा. चेंडू उघड्या तळहातावरून किमान 16 सेंटिमीटर वर गेला पाहिजे. नेट 15.25 सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे पडद्यावर फेक नेटच्या उंचीपेक्षा जराशी जास्त दिसली तर तेवढं पुरे. चेंडू मागच्या कडेच्या मागे आणि टेबलाच्या पृष्ठभागाच्या वरच्या पातळीवर असावा लागतो, आणि फेकीपासून आघातापर्यंत तो समोरच्याला दिसला पाहिजे. शेवटचा मुद्दा सर्व्हिस करणाऱ्याच्या पाठीमागच्या कॅमेऱ्यातून ठरवताच येत नाही. एका फ्रेमचा फोटो दाखवून 'लपवली' असं म्हणणाऱ्याला समोरच्या बाजूचं चित्र मागा. ते नसेल तर वाद तिथेच थांबवलेला बरा.

रिसीव्ह आणि तिसरा चेंडू

छोट्या सर्व्हिसला चार उत्तरं: टच करून नेटजवळ टाकणं, जोरात लांब पुश (बॅकस्पिन देत ढकलणं), फोरहँड फ्लिक आणि मनगट वळवून मारलेला बॅकहँड फ्लिक, ज्याला बनाना म्हणतात. कोणतं उत्तर आलं यापेक्षा त्यासाठी शरीर कुठे गेलं ते पाहा. उजव्या खेळाडूनं फोरहँडच्या छोट्या चेंडूवर आत शिरून बॅकहँड फ्लिक मारला, की त्याचा बॅकहँडचा कोपरा रिकामा राहतो. फ्लिक कितीही सुंदर असो, समोरच्यानं तो शांतपणे त्या कोपऱ्यात ब्लॉक केला तर गुण गेलाच. पुढच्या वेळी तोच खेळाडू फ्लिक सोडून टचवर आला, तर समजायचं की ब्लॉकनं त्याच्या डोक्यात जागा केली.

दुसरी पाहण्याची जागा म्हणजे कोपर. बॅट धरलेल्या हाताच्या कोपरावर आलेला चेंडू फोरहँडनं घ्यावा की बॅकहँडनं, हे ठरवण्यात क्षण जातो. तिसरा चेंडू कोपऱ्यात मारणारे टाळ्या घेतात. कोपरावर मारणारे गुण घेतात.

वही

खेळाचं मोजमाप करण्याची एक जुनी, चिनी प्रशिक्षणात रुळलेली पद्धत आहे. ती चाहत्यालाही सहज जमते. एका वेळी एकाच खेळाडूची वही लिहायची. गुण संपला की पाहायचं: त्याचा शेवटचा फटका रॅलीतला कितवा चेंडू होता? पहिला किंवा तिसरा असेल तर गुण 'सर्व्हिस' रकान्यात, दुसरा किंवा चौथा असेल तर 'रिसीव्ह' रकान्यात, पाचवा किंवा पुढचा असेल तर 'रॅली'त. जिंकला तर उभी रेघ, गमावला तर फुली. नेटमध्ये गेलेला किंवा बाहेर गेलेला फटकाही फटकाच. बॅट लागलीच नाही तर त्याआधीचा त्याचा फटका धरायचा. सर्व्हिस थेट एस बसली, म्हणजे समोरच्याची बॅटच लागली नाही, तर रिसीव्ह करणाऱ्याच्या वहीत ती दुसऱ्या चेंडूवरची फुली.

एक गेम घेऊ. 'अ'नं 11-8 असा जिंकला, पहिली सर्व्हिस त्याची. त्याच्या वहीत सर्व्हिसमध्ये 5 रेघा 1 फुली, रिसीव्हमध्ये 2 रेघा 5 फुल्या, रॅलीत 4 रेघा 2 फुल्या. बेरीज 11 आणि 8, म्हणजे वही जुळली. (जुळली नाही तर एखादा गुण सुटलाय. बहुतेक वेळा तो नेट लागून गेलेला गुण असतो, कारण तेव्हा आपण हळहळत बसतो.) आता प्रत्येक रकान्यात जिंकलेले भागिले एकूण: सर्व्हिस 83 टक्के, रिसीव्ह 29, रॅली 67. शिवाय 19 पैकी 7 गुण, म्हणजे 37 टक्के, रिसीव्हमध्येच संपले. गुणफलक म्हणतो 'अ' पुढे आहे. वही म्हणते त्याला 'ब'ची सर्व्हिस कळलेली नाही आणि तो फक्त स्वतःच्या सर्व्हिसवर तरला आहे. पुढच्या गेममध्ये 'ब'नं त्याला तिसरा चेंडू मोकळा मारू दिला नाही तर हाच सामना फिरेल. अशा वेळी केलेलं भाकीत खरं ठरतं तेव्हा होणारा आनंद स्वतः फटका मारल्याच्या आनंदाच्या जवळचा असतो.

एका गेमवरून मोठे निष्कर्ष काढू नका. सात गुणांत दोन गुण नेट-एजचे (नेटला किंवा टेबलाच्या कडेला लागून गेलेले) असले तर टक्केवारीला अर्थ राहत नाही. तीन गेम तरी जाऊ द्या, आणि नेट-एजचे गुण बाजूला गोल करून ठेवा.

लिहायला वेळ कुठे मिळतो? दर सहा गुणांनी खेळाडू टॉवेल घेतात: बेरीज 6, 12, 18 झाली की. शिवाय दोन गेमच्या मध्ये एक मिनिट. तेवढ्यात रेघा पुऱ्या करा, सर्व्हिसच्या जागेसाठी फक्त 'फो', 'म', 'बॅ' (फोरहँड, मध्य, बॅकहँड) एवढी अक्षरं वापरा. वाक्यं लिहायला बसलात तर पुढचे दोन गुण जातात.

गुणफलकाचं गणित आणि टाइम-आउट

मध्येच सामना लावला आणि सर्व्हिस कोणाची ते कळत नाही? दोघांच्या गुणांची बेरीज करून चारनं भागा. बाकी 0 किंवा 1 उरली तर त्या गेममध्ये पहिली सर्व्हिस करणाऱ्याची, 2 किंवा 3 उरली तर दुसऱ्याची. 10-10 नंतर बेरीज सम असेल तर पहिल्याची, विषम असेल तर दुसऱ्याची. यातून एक कामाची गोष्ट निघते: 9-9 ला पुढच्या दोन सर्व्हिस गेमच्या सुरुवातीला रिसीव्ह केलेल्याकडे असतात, आणि 10-10 ला पहिली सर्व्हिस सुरुवात करणाऱ्याकडे. '9-9 ला दडपणाखाली आला' असं म्हणण्याआधी त्याच्या हातात सर्व्हिस होती का, ते पाहा. प्रत्येक गेमला पहिली सर्व्हिस बदलत असल्यानं सातव्या गेममध्ये ती पहिल्या गेमवाल्याकडेच परत येते. निर्णायक गेममध्ये एकाचे पाच गुण झाले की बाजू बदलतात.

टाइम-आउट सामन्यात प्रत्येकाला एकच, एक मिनिटाचा. तो कोणत्या गुणसंख्येला घेतला, कोणी मागितला (खेळाडूनं की प्रशिक्षकानं), आणि परतल्यावर पहिल्या दोन चेंडूंत काय बदललं, हे तीन मुद्दे टिपा. सर्व्हिसची जागा बदलली तर सल्ला डावपेचाचा होता. काहीच बदललं नाही तर बहुधा समोरच्याची लय तोडायची होती. 4-8 ला टाइम-आउट घेतला नाही तर चाहत्यांना ती चूक वाटते. पण त्या गेमचा नाद सोडून तो पुढच्या गेमसाठी राखून ठेवणंही अनेकदा शहाणपणाचं असतं. आता गुणांच्या मध्येही, खेळ न थांबवता, प्रशिक्षक सूचना देऊ शकतो. त्यामुळे कोपऱ्यातून आवाज आला म्हणून लगेच 'नियमभंग' म्हणू नये.

सांघिक सामने

जागतिक सांघिक लढतीत तीन खेळाडू आणि पाच एकेरी सामने. एका संघाचे अ, ब, क आणि दुसऱ्याचे क्ष, य, ज्ञ धरले तर क्रम अ-क्ष, ब-य, क-ज्ञ, अ-य, ब-क्ष. तिसरा खेळाडू एकदाच खेळतो, म्हणून कोणाला तिसरं ठेवलं यावर अर्धी चर्चा व्हायला हवी. बुसानला भारताच्या महिलांनी ऐहिकाला पहिलं उतरवलं आणि तिसऱ्या सामन्यात श्रीजा अकुलानं वांग यिदीला हरवलं. 2-1 अशी आघाडी झाली होती, शेवटी चीननं 3-2 नं लढत काढली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुष आणि महिला सांघिक प्रकारांऐवजी मिश्र सांघिक आहे आणि पुरुष-महिला दुहेरी परतली आहे. त्यामुळे आतापासून दुहेरीच्या जोड्यांवर नजर ठेवा. दुहेरीत सर्व्हिस उजव्या अर्ध्यातून तिरकीच जाते आणि दोघांनी आळीपाळीनं मारायचं असतं. डावखुरा-उजवा ही जोडी एकमेकांच्या वाटेत कमी येते, म्हणून ती इतकी दिसते.

वाद घालताना

आमने-सामनेची आकडेवारी देताना तारीख द्या आणि सामना पाचचा की सातचा तेही द्या. 6-1 असा आकडा दिसतो, आणि त्यातले चार सामने एक जण सतरा वर्षांचा असतानाचे निघतात. गेली दोन वर्षं पुरेत. पुढे चाल मिळालेले सामने वगळा. 2014 मध्ये सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लास्टिकचा आला आणि फिरकी कमी झाली. त्याआधीचे निकाल आजच्या वादात आणू नयेत. पिढ्यांची तुलना करायचीच असेल तर ऑक्टोबर 2000 चा 38 वरून 40 मिलिमीटर चेंडू, 2001 चा 21 ऐवजी 11 चा गेम आणि 2008 ची स्पीड ग्लूवरची (रबर चिकटवायच्या, वेग वाढवणाऱ्या गोंदावरची) बंदी या तीन रेषा आधी आखून घ्या.

कारण एकच नसतं, हेही धरून चाला. 30 जुलै 2024 ला पॅरिसमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकल्यावर छायाचित्रकारांच्या गर्दीत वांग चुचिनची बॅट तुटली. दुसऱ्या दिवशी तो मोरेगार्डकडून 4-2 असा हरला. पर्यायी बॅटचा परिणाम शून्य, असं कोणी म्हणणार नाही. पण वांगनं स्वतः पराभवाचं खापर त्यावर फोडलं नाही, आणि मोरेगार्ड तिथून थेट अंतिम फेरीपर्यंत गेला. बॅटचा मुद्दा मांडायचा तर पुरावा वहीतून द्या: वांगचे गुण सर्व्हिस-रिसीव्हमध्ये गेले की रॅलीत? नव्या रबराचा फरक सर्वात आधी टचमध्ये दिसतो, लांब रॅलीत सर्वात शेवटी.

2025 चा मकाऊचा विश्वचषक सरावासाठी घ्या. ब्राझीलच्या ह्यूगो काल्देरानोनं तिथे ओळीनं जपानचा तोमोकाझु हारिमोतो आणि चीनचे वांग चुचिन व लिन शिदोंग यांना हरवलं. तेव्हा ते तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या क्रमांकावर होते. वांगविरुद्ध 4-3, लिनविरुद्ध अंतिम सामन्यात 4-1. पुढच्याच महिन्यात दोहाच्या जागतिक अंतिम सामन्यात वांगनं काल्देरानोला हरवलं. वांग-काल्देरानोचे हे दोन सामने शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींत काल्देरानोची वही लिहा, आणि डावखुऱ्याच्या सर्व्हिसवर त्याचा बॅकहँड फ्लिक किती वेळा निघाला आणि वांगनं पुढचा चेंडू कुठे टाकला, एवढंच मोजा. आकडे निघाले की मग बोलायला बसा.